घरातल्या कपाटातलं गाणं
(एका व्यक्तिगत संगीतसंग्रहाच्या सूचीची प्रस्तावना)

ग्रामोफोन कंपन्या आपल्या रेकॉर्डच्या याद्या नियमाने छापत. गायकाचं नाव, गाण्याचे पहिले शब्द, राग किंवा नाटक, रेकॉर्डचा क्रमांक आणि किंमत. जुन्या संगीताचा अभ्यास करणाऱ्याला आजही या याद्यांवाचून पाऊल टाकता येत नाही. मात्र बाजारात काय आणलं एवढंच त्या सांगतात. ती रेकॉर्ड कुठल्या गावात पोहोचली, कुणाच्या घरी झिजली, कुठल्या गाण्यापाशी सुई पुन्हापुन्हा मागे नेली गेली, हे कळायचं तर ऐकणाऱ्याचं कपाट उघडावं लागतं. पुढच्या पानांवर अशाच एका कपाटाची सूची आहे. ते कपाट नंदुरबारात आहे, आणि ही सूची छापण्यामागे हे ‘नंदुरबारात असणं’ सर्वांत मोठं कारण आहे.

आमचा जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, मधून तापी वाहते, एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. नंदुरबार गाव सुरत-भुसावळ रेल्वेवरचं, त्यामुळे मिरची जशी बाहेर गेली तशी गाणी आत आली. बाजारपेठेत मराठी, हिंदी, गुजराती आणि अहिराणी एकाच दुकानात चालतात. शहादा-तळोद्याकडे गुजरी कानांवर पडते, नवापूरला मावची, धडगावला पावरी, अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिलोरीची रूपं. अशा ठिकाणी राहणाऱ्या रसिकाचा संग्रह एका भाषेचा, एका घराण्याचा किंवा एका कंपनीचा राहूच शकत नाही. माझाही राहिला नाही. लाखेच्या रेकॉर्ड आहेत, एलपी आणि ईपी आहेत, कंपन्यांच्या कॅसेट आहेत, दुकानात भरून घेतलेल्या कॅसेट आहेत, सीडी आहेत, आणि एका खालच्या फळीवर, ज्यांचं नाव कुठल्याही मोठ्या कंपनीच्या यादीत सापडणार नाही अशा इथल्या बोलींतल्या कॅसेट आहेत. या शेवटच्या फळीसाठी मी ही सगळी मांडणी केली, असं म्हटलं तरी चालेल. पण तिथे पोहोचायला आधी वरच्या फळ्यांवरून यावं लागेल.

भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झालं. फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला आणि गौहर जानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरला. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना हे कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही सोय होती. मला ती घोषणा फार महत्त्वाची वाटते. गाण्यासोबत गाणाऱ्याचं नाव जायला हवं, हा नियम आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभी पाळला गेला. पुढे तो किती ठिकाणी मोडला, हे या सूचीच्या शेवटच्या भागात दिसेल.

लाखेची रेकॉर्ड हातात घेतली की तिचं वजन जाणवतं. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तीनेक मिनिटं, बारा इंचीला साडेचारच्या आसपास. ख्याल गाणाऱ्याला एवढ्यात आलाप, बंदिश आणि ताना सगळं बसवावं लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1905 मध्ये आणि पुन्हा तीसच्या दशकात रेकॉर्ड दिल्या. त्या दोन काळांतल्या रेकॉर्ड लागोपाठ लावल्या तर मुद्रणाचं तंत्र किती पुढे गेलं ते ऐकू येतंच. त्याहून अधिक ऐकू येतं ते हे, की त्या तीन मिनिटांत कसं विसावायचं हे खाँसाहेब मधल्या काळात शिकले होते. याउलट भास्करबुवा बखले. मास्टर कृष्णरावांसारखे शिष्य त्यांनी घडवले, बालगंधर्वांना शिकवलं, त्यांच्या काळात ग्रामोफोन कंपन्या जोरात होत्या. तरी बुवांची एकही रेकॉर्ड आपल्या हाती नाही. त्यांचं गाणं कसं होतं ते आपण शिष्यांच्या गळ्यांतून अंदाजाने ऐकतो. ध्वनिमुद्रण झालं नाही तर केवढा माणूस कानांआड जातो, हे समजायला मराठी माणसाला दुसरं उदाहरण नको.

आमच्या भागात या रेकॉर्ड घरोघरी होत्या असा समज कुणी करून घेऊ नये. चावीचा ग्रामोफोन ही पैसेवाल्याच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. गावाने रेकॉर्ड ऐकली ती लाउडस्पीकरवाल्याकडून. लग्न, बारसं, गणपती, सप्ताह, काहीही असो, तो बैलगाडीतून किंवा एसटीच्या टपावरून भोंगा, अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी घेऊन यायचा. भोंगा झाडावर किंवा माळवदावर बांधला की पहाटेपासून शिवारभर गाणं. पहिली रेकॉर्ड देवाची, मग नाट्यगीतं आणि भावगीतं, जेवणावळीच्या वेळी सिनेमा, वऱ्हाड निघताना पुन्हा ठरलेली दोनचार गाणी. हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो चुकला तर म्हातारी माणसं मंडपातून हाक मारून सांगायची. जिल्ह्याच्या अभिरुचीचा इतिहास लिहायचा झाला तर या लाउडस्पीकरवाल्यांच्या पेट्यांपासून सुरुवात करावी लागेल. माझ्या संग्रहातल्या बऱ्याच लाखेच्या रेकॉर्ड अशा पेट्यांतून आलेल्या आहेत. त्यांच्या कडा झिजल्या आहेत, लेबलवर मालकाच्या नावाचा शिक्का आहे, काहींवर खडूने ‘लग्न’ असं लिहिलेलं आहे. संग्राहकाला कोरी, न वाजलेली प्रत हवी असते. मला ही झिजलेली प्रत अधिक मोलाची वाटते, कारण कुठल्या ओळीवर चर सर्वांत जास्त खोल गेला आहे ते तिच्यावर डोळ्यांना दिसतं.

लाँग प्ले रेकॉर्ड अमेरिकेत 1948 मध्ये आली, आपल्याकडे तिला आणखी दहा वर्षं लागली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाल्यावर गाण्याचं रूपच बदललं. ‘शिवकल्याण राजा’ 1974 मध्ये, शिवरायांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा निघाली. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन यांनी ती एकसंध कथा झाली. ‘गीतरामायण’ आधी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून घराघरांत गेलं आणि मग रेकॉर्डच्या संचातून कपाटात आलं. कुमार गंधर्वांची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही तर एका थोर श्रोत्याने दुसऱ्या थोर गायकाला दिलेली पावतीच आहे. अशा एलपीमध्ये गाण्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधीच्या खरखरीत पुढच्या गाण्याचा षड्ज मनात लागलेला असतो. म्हणून सूचीत मी एलपीतली गाणी अकारविल्हे लावलेली नाहीत, ती जशी वाजतात त्याच क्रमाने दिली आहेत.

लताबाईंचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण खानदेशाबाहेर ती फारशी बोलली जात नाही. त्यांच्या आई, माई मंगेशकर, थाळनेरच्या. थाळनेर तापीकाठी, शिरपूर तालुक्यात. तिथून तापी खाली आमच्या शहाद्याकडे, प्रकाशाकडे येते. आजोळच्या आजीकडून लताबाई लहानपणी गुजराती गरबे शिकल्या. मराठी वडील, गुजराती आजोळ आणि खानदेशचं पाणी, ही सरमिसळ आमच्या भागात घरोघरी आढळते. त्यांच्या गुजराती गाण्यांच्या रेकॉर्ड मी मराठी रेकॉर्डच्या शेजारीच ठेवल्या आहेत, वेगळ्या कप्प्यात घातल्या नाहीत.

आता कॅसेट. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये ती काढली, आपल्याकडे तिचा खरा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. गुलशन कुमारांची सुपर कॅसेट्स, व्हीनस, आणि मराठीत पुण्याचं अलुरकर म्युझिक हाऊस. अलुरकरांनी ज्या निष्ठेने शास्त्रीय गायकांच्या मैफली कॅसेटवर आणल्या, तिचं ऋण माझ्यासारखे दूरच्या गावांतले श्रोते विसरू शकत नाहीत. मुंबई-पुण्याची मैफल आमच्यापर्यंत आली ती त्यांच्या वेष्टनातून. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि विठ्ठल उमप यांची लोकगीतं हॉटेलात, ट्रकमध्ये, पिठाच्या गिरणीत वाजत होती. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने 1993 मध्ये उत्तर भारतातल्या या कॅसेट-संस्कृतीवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रेकॉर्डचा कारखाना काढायला मोठं भांडवल लागतं, कॅसेट मात्र गल्लीतला माणूसही काढू शकतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाहिलं नव्हतं त्या बोलींना पहिल्यांदा आवाज मिळाला. हे वाचताना मला आमचा आठवडे बाजार डोळ्यांपुढे दिसत होता.

पण त्याआधी भरलेल्या कॅसेटबद्दल. दुकानदाराकडे रेकॉर्ड आणि कॅसेट असायच्या. आपण कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, साठची किंवा नव्वदची कोरी कॅसेट घ्यायची आणि तो त्यावर गाणी भरून द्यायचा. कायद्याने हे बरोबर नव्हतं, आणि गायक-वादकांना त्यातून काही मिळत नव्हतं, हेही खरं. तरी या कॅसेटचा मी सूचीत स्वतंत्र विभाग केला आहे. ज्याने यादी केली त्या माणसाची निवड, त्याचा त्या वर्षीचा मूड, त्याचं लग्न ठरणं, नोकरीसाठी सुरतेला जाणं, हे सगळं त्या क्रमात असतं. वेष्टनातल्या कार्डावर बारीक अक्षरांत गाणी लिहिलेली. ‘अ’ बाजू सुखाची, ‘ब’ बाजू दुःखाची, अशीही विभागणी मी पाहिली आहे. बाजू संपायला आली की शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं. ते तुटलेलं गाणं त्या घरातल्या मुलांना आयुष्यभर तिथपर्यंतच येतं. मित्रांनी, नातेवाइकांनी घर बदलताना अशा कॅसेट माझ्याकडे आणून दिल्या आणि मी त्या कार्डासकट तशाच नोंदवल्या.

आता खालची फळी. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांना एक स्वतंत्र भाग दिलेला आहे, तो 1907 मध्ये छापला गेला. म्हणजे या बोली शास्त्राला ठाऊक होत्या. गाणं कागदावर मावत नाही ही अडचण मात्र तशीच राहिली. 1938 च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी दर सोमवारी जमत. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं सांगणारी ती चळवळ आरतीवर उभी होती. सत्तरच्या दशकात शहाद्यात जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढा झाला, त्याचे नेते अंबरसिंग महाराज भजनातून लोकांशी बोलत. त्याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी आला; त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 चा. कविता छापली गेली म्हणून आज वाचता येते. मोर्च्यातल्या गाण्यांचं, आरतीच्या चालीचं तसं झालं नाही. माझ्या कपाटात त्या आवाजांची जागा रिकामी आहे, आणि ती मी सूचीतही रिकामी ठेवली आहे.

पुढे टेपरेकॉर्डर स्वस्त झाला आणि डोंगरातल्या पोरांनी स्वतः मुद्रण करायला घेतलं. लग्नातली गाणी, रोडाली, होळीचे ढोल, सोंगाड्या पार्टीचे रात्रभर चालणारे खेळ, मांदळाच्या ठेक्यावरचे नाच. कॅसेटच्या मुखपृष्ठावर गायकाचा फोटो, मागे डोंगर किंवा मोटरसायकल, गावाचं नाव, कधी कधी नुसताच क्रमांक: भाग 1, भाग 2, भाग 3. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत त्या विकल्या जात. दुकानदार मोठ्याने लावून ठेवी आणि घेणारा उभ्याने पूर्ण बाजू ऐकून मगच पैसे देई. या मुद्रणांत ढोलाचं काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असते. काठी गावच्या होळीला वाजतो तसा मोठा ढोल थाप देतो, त्या क्षणी यंत्र दचकून सगळंच खाली ओढतं, गाणाऱ्याचा आवाज बुडतो. थाप विरली की तो हळूहळू वर येतो, तोवर पुढची थाप. तज्ज्ञ याला दोष म्हणतील. मला त्यातून त्या अंगणाचा आकार कळतो, ढोलवाला कुठे उभा होता आणि गाणाऱ्या बायका किती मागे होत्या, ते कळतं.

बायकांचा उल्लेख मुद्दाम केला. माझ्याकडच्या या कॅसेटपैकी बहुतेकींवर नाव आहे ते बँडवाल्याचं, मुख्य गायकाचं किंवा काढणाऱ्याचं. ओळीमागून ओळ उचलणाऱ्या, चाल पुढे नेणाऱ्या बायकांचं नाव नाही. गौहर जानने 1902 मध्ये स्वतःचं नाव मुद्रणातच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडच्या गायिकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. जिथे जिथे मला गावात जाऊन, कॅसेट वाजवून, आवाज ओळखून नाव मिळवता आलं, तिथे संबंधित घराची परवानगी घेऊन ते घातलं आहे. बाकी ठिकाणी ‘गायिका, नाव अनुपलब्ध’ असं लिहिलं आहे. ‘समूह’ असं लिहून मोकळं होणं मला पटलं नाही.

सूची कशी वाचावी याबद्दल थोडंसं. लाखेच्या रेकॉर्डसमोर लेबलवरचा क्रमांक आणि मधल्या मोकळ्या कड्यात कोरलेला मुद्रणक्रमांक, असे दोन्ही दिले आहेत. पुनर्मुद्रणात लेबल बदलतं, कोरलेला क्रमांक सहसा तोच राहतो. वेगाच्या रकान्याकडे लक्ष द्यावं. आरंभीच्या काळातल्या रेकॉर्ड नेमक्या 78 च्या वेगाने कापलेल्या नसत, त्यामुळे आजच्या यंत्रावर गायकाची पट्टी चढते आणि एखादा बुवा उगाच पातळ आवाजाचा वाटतो. कॅसेटच्या नोंदीत भाषा, वाद्यं, मिळाल्याचं ठिकाण आणि वेष्टनावरचा सगळा मजकूर जसाच्या तसा आहे, शुद्धलेखनासकट.

असं काम करणारा मी पहिला नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश 1980 पासून खंडाखंडाने काढला, मद्रासच्या व्ही. ए. के. रंगाराव यांनी आयुष्यभर रेकॉर्ड जमवल्या आणि त्यावर लिहिलं, मुंबईत 1990 मध्ये रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी उभी राहिली आणि डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या शास्त्रज्ञाने तिचं नियतकालिक चिकाटीने चालवलं. लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं 1982 मध्ये सुरू झालेलं अभिलेखागार आता गुरगावला आहे. ही सगळी उदाहरणं पाहिल्यावर मला एक ठामपणे वाटतं: भारतातल्या ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास मुख्यतः हौशी माणसांच्या घरांनी सांभाळला. कंपन्यांनी जुने साचे मोडीत काढले तेव्हा प्रती उरल्या त्या घरांत. डोंगरातल्या कॅसेटला तर मूळ साचाच नव्हता. मूळ टेपवर पुढचं गाणं भरलं गेलं, आणि विकलेली प्रत हीच शेवटची प्रत झाली.

आणि ती प्रत आत्ता जात आहे. आमच्याकडच्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. रबरी पट्टे वितळलेले टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर गावात उरले नाहीत. अशी कॅसेट लगेच यंत्रात घालून वाजवू नये. बुरशी यंत्राला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते. आधी ती कोरडी करून, माहीतगाराकडून साफ करून घ्यावी, एकदाच वाजवावी आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट कधी लावू नये, लाख त्यात विरघळते. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं, तेही लेबल वाचवून. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात. हक्कांबद्दलही विचारलं जातं: आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे बऱ्याच जुन्या रेकॉर्ड आता मोकळ्या झाल्या आहेत, इथल्या कॅसेट झालेल्या नाहीत. त्या जपण्यासाठी उतरवून घ्या, पण गाणारं घर शोधून, त्याला विचारल्याशिवाय सगळीकडे पसरवू नका.

शेवटी नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. विशेषतः सरदार सरोवराच्या बुडितात आलेल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या 33 गावांमधून जी कुटुंबं तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली, त्यांना. जुन्या गावातलं लग्न, होळी, इंदल, कुणाचं साधं बोलणंही जर तुमच्याकडे कॅसेटवर असेल, तर ती भंगारात घालू नका. आज घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा, आवाज कुणाकुणाचे आहेत ते विचारा, आणि नावं, गाव, साल एका कागदावर लिहून तो कागद कॅसेटच्या डबीत ठेवा. मुद्रण पुढे कुणीही करून देईल. नावं फक्त तुम्हीच सांगू शकता.